फाल्गुनातली पहाट आणि तळ्याकाठची हजेरी



फाल्गुन सरत आला की खेड्यात सगळ्यांचे लक्ष खळ्याकडे लागलेले असते. गहू काढायचा असतो, हरभरा मळायचा असतो, निफाडच्या बाजूला द्राक्षांच्या गाड्या भरत असतात. नेमक्या याच दिवसांत आपल्या तळ्यावर एक मोठी हालचाल चाललेली असते आणि ती पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही. दिवाळीच्या आगेमागे उत्तरेकडून आलेले हजारो पाहुणे आता परतीच्या वाटेला लागतात. आज संध्याकाळी पाण्यावर बदकांचा काळा पट्टा दिसावा आणि चार दिवसांनी पाहावे तर तिथे नुसते पाणी! कुठे गेली, कशी गेली, कशासाठी गेली, हे मुले विचारतात. त्याची उत्तरे पुस्तकात आहेतच. पण तळ्याच्या काठी उभे राहून मिळवलेले उत्तर मनात जास्त पक्के बसते. तेव्हा अशी पहाटेची फेरी कशी काढावी, काय पाहावे आणि पाहिलेले कसे टिपून ठेवावे, एवढेच आज सांगायचे आहे.

उदाहरणासाठी आपण नांदूर मधमेश्वरचा जलाशय घेऊ. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी एक दगडी बंधारा बांधण्यात आला. पाणी अडले, कालवे निघाले, शेते भिजू लागली. पण नदी काही नुसते पाणी आणत नाही, पावसाळ्यात ती गाळही आणते. हा गाळ वर्षानुवर्षे बंधाऱ्याच्या पोटात बसत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबाने ही अडचणच झाली, कारण तेवढे पाणी कमी मावू लागले. परंतु त्याच गाळाची पुढे बेटे झाली, बेटांवर पाणकणीस वाढले, काठाला उथळ दलदल तयार झाली आणि पाखरांना जे हवे होते ते आयतेच मिळाले. १९८६ साली हा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढे पाणथळ जागांच्या रक्षणासाठी झालेल्या जागतिक कराराच्या यादीतही त्याचे नाव गेले. हा करार १९७१ साली इराणमधील रामसर या गावी झाला, म्हणून अशा जागांना 'रामसर स्थळ' म्हणतात. २०२० च्या जानेवारीत नांदूर मधमेश्वरचे नाव जाहीर झाले. महाराष्ट्रातले ते पहिले रामसर स्थळ.

आता कोणी म्हणेल, आम्ही काही नाशिकला राहत नाही. बरोबर आहे. पण जे नांदूर मधमेश्वरला मोठ्या प्रमाणावर दिसते तेच आपल्या गावच्या पाझर तलावावर लहान प्रमाणावर दिसते. तिथले शिकून घ्यावे आणि आपल्या तळ्यावर लावून पाहावे.

पहिला प्रश्न असा की पहाटेच का? पाखरू रात्रभर उपाशी असते. त्याच्या लहानशा देहात साठा थोडा आणि खर्च फार. म्हणून उजाडताच ते पहिल्यांदा पोटाच्या मागे लागते आणि पोटाच्या मागे लागलेले पाखरू लपून बसत नाही. दुसरे कारण हवेचे. पहाटे वारा पडलेला असतो, त्यामुळे आवाज लांबवर ऐकू येतो आणि पाण्यावर लाटा नसल्याने बारीकसारीक हालचालही दिसते. नऊ वाजले की ऊन चढते, पाण्यावरून वाफेची थरथर उठते आणि दूरचा पक्षी ओळखू येईनासा होतो. मार्चच्या मध्याला आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. मुलांना सहा वाजता काठावर आणले तर दोन-अडीच तास पदरात पडतात. उभे राहायचे ते तळ्याच्या पूर्वेच्या काठावर. म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी राहतो आणि समोरच्या पाखरांवर उजेड पडतो. उलट्या बाजूला उभे राहिलात तर सगळीच पाखरे काळी दिसतील आणि मुले वैतागतील.

जथा लहान ठेवावा. दहा-बारा मुलांना एक शिक्षक, असा हिशेब बरा. पुढे शिक्षक आणि मागे गावातला एखादा जाणता माणूस. पांढरे वा लाल कपडे नकोत. मातकट, हिरवट, जुने चालतील. दुर्बीण प्रत्येकाला मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही. आठ बाय चाळीस मापाची एक दुर्बीण असली तर ती आळीपाळीने फिरते. त्यातला आठ हा आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि चाळीस हा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ज्याच्या हातात दुर्बीण नाही त्याने ऐकण्याचे काम करावे. बोटाने दाखवू नये, हात उंच करू नये. "समोरच्या वाकड्या बाभळीच्या डाव्या हाताला, पाण्याच्या कडेला," असे हळू आवाजात सांगावे. नीट जागा सांगता येणे हाही भाषेचाच एक धडा आहे.

आता पाण्याकडे पाहू या. पहिल्याने सगळी पाखरे एकत्र कालवल्यासारखी वाटतात, पण जरा निरखले की त्यांच्या रांगा लागलेल्या दिसतात. पाण्याची खोली बदलते तशी पाखरे बदलतात. काठाच्या ओल्या चिखलात आखूड चोचीचे चिखले पळापळ करीत असतात आणि त्यांच्या शेजारी तुतवार शेपटी हलवीत किडे टिपत असतात. घोटाभर पाण्यात लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या उभा असतो. त्याहून थोडे पुढे चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी, चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत चालतात, जणू ताक ढवळतात. रंगीत करकोचा चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि मासा चोचीला लागला की ती मिटतो. हातभर पाण्यात तलवार बदक, थापट्या आणि हळदी-कुंकू बदके डोके खाली व शेपटी वर करून तळाचे शेवाळ आणि बी खातात. अधिक खोल पाण्यात बुडी मारणारे येतात : पाणकावळा, लहानशी टिबुकली, काळाभोर वारकरी. वारकऱ्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो म्हणून कोठे कोठे त्याला चांदवाही म्हणतात.

हे मुलांना दाखवून विचारावे : शेकाट्याचे पाय एवढे लांब का? थापट्याची चोच फावड्यासारखी का? उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोरच असते. एका ताटात दहा जण जेवतात, पण प्रत्येकाचा पदार्थ वेगळा आणि हातही वेगळा, म्हणून भांडण नाही. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सगळ्या तळ्याचे काठ खोदून उभे केले आणि पाणी सगळीकडे पुरुषभर खोल केले, तर पाणी वाढेल, पण चिखल्यापासून चमच्यापर्यंत सगळे निघून जातील. उरतील फक्त बुडी मारणारे. म्हणून तळ्यातला गाळ काढताना, आणि तो काढावा लागतोच, एखादी बाजू उतरती व उथळ राहू द्यावी. गुरांनाही पाण्यात उतरायला ती सोयीची पडते.

आता परतीच्या तयारीची गोष्ट. ऑक्टोबरात नर बदके आली तेव्हा पुष्कळशी मळकट, मादीसारखीच दिसत होती. फाल्गुनात पाहा, तलवार बदकाच्या नराची शेपटीची लांब पिसे आणि मानेवरची पांढरी रेघ उठून दिसते, भुवई बदकाच्या डोळ्यावरची पांढरी भुवई ठळक झालेली असते. काळ्या शेपटीचा मालगुजा सगळा हिवाळा राखी-करड्या रंगाचा असतो, आता त्याच्या मानेवर विटकरी रंग चढू लागतो. पिवळा धोबी खरोखरच पिवळा दिसू लागतो. हे लग्नघरचे कपडे आहेत. लग्न मात्र इथे नाही, तिकडे उत्तरेत आहे.

कपड्यांबरोबर शिदोरीही बांधली जाते. या दिवसांत पाहुणे पक्षी अधाशासारखे खातात आणि कातडीखाली चरबी साठवतात. काही लहान पक्ष्यांचे वजन लांबच्या उड्डाणापूर्वी जवळजवळ दुप्पट होते. ही चरबी म्हणजेच वाटेतले इंधन. आता विचार करा, अशा ऐन भरतीच्या आठवड्यात कोणी तळ्यावर फटाके वाजवले, नाव पळवली, कुत्री सोडली, तर दर वेळी थवा उठतो आणि गोळा केलेल्या शिदोरीतली मूठ मूठ तिथेच सांडते. आपल्याला वाटते, उडाली आणि पुन्हा बसली, त्यात काय बिघडले? बिघडते ते पुढे हजार कोसांवर.

निघायची वेळ त्यांना कोण सांगतो? उष्मा वाढतो म्हणून ती जातात, असा आपला समज. त्यात थोडे तथ्य आहे, पण मुख्य सूचना दिवसाच्या लांबीकडून मिळते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी कॅनडात विल्यम रोवन या शास्त्रज्ञाने ऐन हिवाळ्यात पिंजऱ्यातल्या पाखरांना संध्याकाळी विजेच्या दिव्यांचा उजेड रोज थोडा थोडा वाढवून दिला. बाहेर कडाक्याची थंडी होती, तरी त्या पाखरांच्या शरीरात विणीच्या हंगामासारखे बदल होऊ लागले. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास. फरक दोन-सव्वादोन तासांचाच, पण पाखरांना तो पुरेसा आहे. २०-२१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सारखी होते, हा भूगोलाचा पाठ शिकवायला याहून चांगली जागा कोणती?

मग इथे अन्न असताना ती जातात कशाला? उत्तरेत उन्हाळ्याचा दिवस सोळा-सतरा तासांचा, आणि आणखी वर गेले तर त्याहूनही मोठा असतो. बर्फ वितळून पाणथळी होतात, किड्यांचा सुकाळ होतो. चार-सहा पिलांची तोंडे भरायला एवढा लांब दिवस हवा असतो. म्हणून ती तिकडे विणतात आणि बर्फ पडू लागले की पिलांना घेऊन इकडे येतात. पट्टकदंब हा डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस तिबेट, मंगोलिया, लडाख या बाजूला वितो आणि येताजाताना हिमालय ओलांडतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून तो उडाल्याची नोंद यंत्राने झालेली आहे.

हे सगळे कळले ते पक्ष्यांच्या पायांत वळी घातल्यामुळे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जी १८८३ साली स्थापन झाली, १९२७ मध्ये भारतात हे काम सुरू केले. पुढे डॉ. सालिम अली यांच्या देखरेखीखाली ते फार वाढले. क्रमांक घातलेले हलके वळे पायात अडकवून पक्षी सोडून द्यायचा. तो दुसरीकडे कोणाला सापडला आणि त्याने कळवले की प्रवास कळतो. भारतात वळी घातलेली बदके सायबेरियात सापडली आहेत. म्हणून एखाद्या शेतात वळे असलेला मेलेला पक्षी आढळला तर वळे फेकून देऊ नका. त्यावरचा क्रमांक, गावाचे नाव आणि तारीख लिहून सोसायटीला किंवा वनखात्याला कळवा. एवढ्याशा कागदाने दोन देशांतला धागा जुळतो.

पाहुणे निघतात तेव्हा घरचे पक्षी संसाराला लागतात, हेही याच फेरीत दिसते. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध अंडी घालते. तिने उंचावर अंडी घातली तर त्या वर्षी पाऊस मोठा, असा आपल्या शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली की मुलांनी पुढे पाऊल टाकू नये, आल्या पावली मागे फिरावे. कारण अंडी मातीच्या रंगाची असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पाणी जसजसे आटते तसतसे शेकाटे आणि आर्ल्या उघड्या पडलेल्या गाळावर अंडी घालतात. अशा वेळी गाळपेर जमिनीत नांगर घालण्यापूर्वी एक फेरी मारून पाहिली आणि घरटे असलेली चार हात जागा दोन-तीन आठवडे सोडली तर पिकाचे नुकसान नगण्य होते.

शेतकरी विचारील, पाखरांचे कौतुक ठीक, पण ती माझा दाणा खातात त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. भोरड्यांचे, म्हणजे पळसमैनांचे थवे ज्वारीवर उतरले की राखणदाराचा घसा बसतो, हे खोटे नाही. पण याच भोरड्या एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे जातात आणि तिथे टोळांवर तुटून पडतात. चीनच्या शिनच्यांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी त्यांना घरटी करता यावीत म्हणून दगडांचे ढीग मुद्दाम रचून देतात. आपल्याकडे गायबगळा नांगरामागे आणि आता ट्रॅक्टरमागे चालतो तो हुमणी आणि किडे टिपायला. हिशेब मांडायचा तर जमेची बाजूही लिहावी, एवढेच म्हणणे. पाखरांसाठी शेतात विष ठेवणे हा उपाय नव्हे. ते विष पाण्यात उतरते आणि ते पाणी आपणच पितो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची शिकार आणि त्यांची अंडी उचलणे हा गुन्हा आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, ते म्हणजे मोजणी. हजार बदकांचा थवा कसा मोजावा? आपल्याकडे पिकाची पैसेवारी नजरअंदाजाने काढतात, तसेच हे आहे. पहिल्याने दहा पक्षी नीट मोजावे. ते केवढी जागा व्यापतात ती नजरेत धरावी. तेवढे दहा तुकडे म्हणजे शंभर. मग शंभराचे तुकडे थव्यावरून पुढे सरकवीत न्यावे. दोन मुलांनी वेगवेगळे मोजून आकडे कागदावर लिहावे आणि मगच एकमेकांना दाखवावे. फार तफावत आली तर पुन्हा मोजावे. वहीत तारीख, वेळ, हवा, पाण्याची पातळी, पक्ष्याचे नाव आणि संख्या, एवढे रकाने पुरेत. नाव ठाऊक नसेल तर आकार, चोच, पाय आणि रंग लिहावे. जो पक्षी मागच्या वेळी होता आणि आज नाही, त्याच्यापुढे शून्य लिहावे. शून्य ही सुद्धा नोंदच आहे. 'थव्यातली शेवटची बदके कोणत्या तारखेला दिसली?' हा एकच रकाना दर वर्षी भरला तरी दहा वर्षांनी त्यातून ऋतुमानाची चाल दिसू लागेल.

आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर वर्षी जानेवारीत होते आणि ती बहुतांशी हौशी माणसांच्या बळावरच चालते. आपल्या शाळेची वहीही त्यात भर घालू शकते. ज्यांच्याकडे मोबाईल आहे ते ई-बर्ड या संकेतस्थळावर आपली यादी विनामूल्य नोंदवू शकतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली या दोघांचे जन्मदिवस त्यात येतात. तेव्हा पाहुणे येत असतात. नोव्हेंबरात आल्याची आणि मार्चमध्ये गेल्याची, अशा दोन नोंदी झाल्या की वर्षाचा हिशेब पुरा होतो.

हा हिशेब कशाला ठेवायचा, ते सांगून थांबतो. नांदूर मधमेश्वरला आता कायद्याचे छत्र आहे, तरी नदीतून येणाऱ्या सांडपाण्यावर माजणारी जलपर्णी तिथेही पाणी झाकून टाकते आणि जलपर्णीच्या गालिच्याखाली उजेड व प्राणवायू कमी पडून मासे आणि किडे घटतात. गावोगावच्या लहान तळ्यांना तर कसलेच छत्र नाही. एका कोपऱ्यात कचरा पडतो, दुसऱ्या कोपऱ्यात भराव पडतो, संक्रांतीचा नायलॉनचा मांजा काठच्या बाभळीवर लोंबत राहतो आणि त्यात बगळे अडकतात. मग एके दिवशी ग्रामसभेत कोणी म्हणतो, ही जागा पडीकच आहे, तिचा दुसरा उपयोग करू. त्या वेळी उठून बोलायला कोणाजवळ काही आधार असतो का? नुसते 'इथे पाखरे येतात' असे म्हटले तर लोक हसतील. पण शाळेच्या कपाटातून पाच वर्षांच्या वह्या काढून कोणत्या महिन्यात कोणते पक्षी किती होते, कोणाची घरटी कुठे होती, पाणी किती होते, हे सरपंचांच्या पुढे ठेवले तर विचार करावाच लागेल. आणि त्या वह्यांत गावातल्याच मुलांचे हस्ताक्षर असेल.

शिक्षक मित्रहो, होळी झाली की पहिल्या सुट्टीला मुलांना सहा वाजता तळ्यावर बोलवा. जाताना पिशव्या न्या आणि परतताना काठावरचा मांजा आणि प्लास्टिक गोळा करून आणा. पहिल्या दिवशी दहाच पक्षी ओळखता आले तरी दहाच लिहा. पुढच्या फाल्गुनात ती संख्या वाढलेली असेल.